घरची वही लिहायला घेताना

कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या घरात माळ्यावर एक तरी बोचकं असतंच. त्यात मोडी लिपीतले कागद असतात, ते वाचणारं घरात कुणी नसतं. फोटो असतात, फेटेवाले चौघे ओळीत उभे, पण कोण कुणाचा कोण हे सांगणारी माणसं गेलेली. कधी एखादी डायरी निघते आणि तिच्यात एवढंच असतं: ‘आण्णा आले. ठरल्याप्रमाणे झालं. बरं वाटलं.’ लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही.

मुला-नातवंडांच्या हाती द्यायची वही लिहायची असेल तर एक गोष्ट धरून चाला: ती वाचणारा अजून जन्मायचा आहे. त्याला तुमची गल्ली माहीत नाही, आण्णा माहीत नाहीत, आणि मराठी तो कदाचित बोट ठेवून वाचेल. वही कुठली घ्यायची, शाई कुठली, डाव्या पानाचं काय करायचं, हे सगळं या एकाच हिशोबावर ठरतं.

वही

छापील तारखांची डायरी नको. जानेवारीत कुणीतरी भेट दिलेली असते, पहिला आठवडा झकास जातो, मग पाच-सहा पानं कोरी राहतात आणि ती कोरी पानं बघूनच पुढचं लिहिणं बंद पडतं. शिवाय घरात लग्न असलं की एक पान पुरत नाही, आणि एरवीच्या दिवसाला अर्धंही जड जातं.

रेघांची, जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली २०० पानी रजिस्टर वही घ्या. शिवलेली आहे का ते दुकानातच तपासायचं. वही चार-पाच ठिकाणी पूर्ण उघडा. दर काही पानांनंतर घडीच्या मधोमध दोरा दिसला पाहिजे. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या वहीचा गोंद काही वर्षांत वाळून कडक होतो आणि पानं सुटी पडतात. स्पायरलची तार आणि शाळेच्या वहीच्या पिना आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजतात, गंजाचा डाग कागद खातो.

कागद ८० ते १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) बघा. शाळेच्या साध्या वह्यांचा कागद साधारण ५५-६०चा असतो, त्यावर मागची शाई पुढे उमटते. वर्तमानपत्रासारखा भुरकट कागद टाळाच. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेलं द्रव्य, उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. ‘ॲसिड-फ्री’ असं लिहिलेलं मिळालं तर उत्तम. मनासारखी वही मिळाली नाही तर छापखान्यांची कामं करणाऱ्या एखाद्या बाइंडरकडे जा. त्याला एवढंच सांगायचं: १०० जीएसएमचा पांढरा कागद, १६ पानांचं एक जुझ (एकत्र दुमडून शिवायचा पानांचा गठ्ठा), दोऱ्याची शिलाई, पाठीला कापड. आतल्या बाजूला इंचभर समास सोडायलाही सांगा. पुढे कधी वही पुन्हा बांधायची वेळ आली तर तो समासच अक्षरं वाचवतो.

महागडी चामड्याची वही मात्र घेऊ नका. तिच्यात सुवाच्य आणि भारी काहीतरीच लिहावं असं वाटत राहतं, आणि ती कोरीच राहते.

शाई

फाउंटन पेनची धुतली जाणारी निळी शाई दिसायला देखणी, पण पाण्याचा एक थेंब पडला की ओळ गेली. बऱ्याच जेल पेनांचंही तेच. साधं बॉलपेन पाण्याला बऱ्यापैकी टिकतं, उजेडाने मात्र फिकं होतं. सगळ्यांत भरवशाची म्हणजे पिगमेंट शाई, जिच्यात पाण्यात न विरघळणारे रंगाचे कण असतात. पेनावर ‘वॉटरप्रूफ’, ‘फेडप्रूफ’ किंवा ‘आर्काइव्हल’ असं लिहिलेलं असतं. रंग काळाच घ्या. आणि शिसपेन्सिलीला कमी लेखू नका: ग्रॅफाइट उडतही नाही, विरघळतही नाही, फक्त घासलं की पुसट होतं.

लेबलावर विश्वास ठेवण्यापेक्षा घरी परीक्षा घ्या. वहीच्याच कागदाच्या तुकड्यावर हाताशी असतील त्या सगळ्या पेनांनी एकेक ओळ लिहा, पुढे पेनाचं नाव टाका. एक दिवस वाळू द्या. मग अर्ध्या ओळीवर पाणी टाकून पाच मिनिटांनी टिपून घ्या. दुसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीला महिनाभर चिकटवून ठेवा. झाकलेल्या आणि उघड्या भागात जिथे फरक दिसत नाही ते पेन घ्या, आणि वही संपेपर्यंत तेच वापरा.

व्हाइटनर नको, तो तडकतो आणि पानांना पानं चिकटवतो. चूक झाली तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. खाडाखोड दिसली तर बिघडत नाही, उलट माणूस कुठे थबकला होता ते कळतं.

पहिली दहा पानं आणि डावी बाजू

लिहायला बसण्याआधी सगळ्या पानांना आकडे घाला. अर्धा तास जातो, पण पुढे सुची, फोटो, ध्वनिमुद्रणं, सगळं या आकड्यांवर चालतं.

पान १ वर तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आत्ताचा पत्ता, वही सुरू केल्याची तारीख. आणि ‘वही क्रमांक १’. दुसरी कधी होईल की नाही याची काळजी आत्ता नको, आकडा मात्र घाला. पानं २ ते ४ सुचीसाठी कोरी ठेवा. पानं ५ ते ८ नातेसूचीसाठी. ९ आणि १० वर घराचा आणि गल्लीचा नकाशा.

पान ११ पासून फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान कोरं ठेवायचं. नवख्यांना ही उधळपट्टी वाटते, पण वहीतलं निम्मं बळ या डाव्या पानात असतं. सहा महिन्यांनी आठवलेला तपशील तिथे जातो. आत्याने वाचून ‘असं नव्हतं, तेव्हा आपण शाहूपुरीत राहायला होतो’ म्हटलं की तेही तिथेच जातं, तिच्या अक्षरात, तिच्या सहीने. मूळ मजकूर खोडायचा नाही. दोन माणसांच्या दोन आठवणी शेजारी शेजारी राहू देत.

हिशोब असा: २०० पानांत पहिली दहा आणि शेवटची दोन सोडून ९४ उजवी पानं उरतात. आठवड्याला दोन लिहिली तर एक वही साधारण अकरा महिने पुरते.

नातेसूची

हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत मोलाचं. आपल्याकडे माणसाला नाव असतं आणि हाक वेगळीच असते. एकाच घरात दोन आण्णा, तीन दादा, एक आक्का माहेरची आणि एक सासरची. भाऊ म्हणजे सख्खा भाऊ, वडील, की तालमीतले वस्ताद, हे नातवाला कसं कळणार?

प्रत्येकासाठी एक ओळ: हाक, पूर्ण नाव, तुमच्याशी नातं, जन्मसाल (अंदाजे असेल तर ‘सुमारे’), गाव, काय काम करत. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव हे वेगळं लिहाच. लग्नात नाव बदललेल्या आजीचं पहिलं नाव दोन पिढ्यांत पुसलं जातं आणि तिच्या बाजूचा सगळा गोतावळा त्याबरोबर जातो. कुलदैवत, देवक, मूळ गाव, भावकी कुठून कुठे गेली, हे नातेसूचीच्या शेवटी चार ओळींत.

मजकुरात माणूस पहिल्यांदा आला की हाकेपुढे कंसात पूर्ण नाव टाका. नंतर नुसती हाक चालेल.

काय लिहायचं

‘आज वर्षाची चटणी केली. सगळे जमले होते. खूप मजा आली, जुन्या आठवणी जाग्या झाल्या.’ नव्वद टक्के वह्यांत नोंद अशी असते आणि पन्नास वर्षांनी तिचा उपयोग शून्य. तीच नोंद अशी करता येते:

‘२६ एप्रिल २०२५, शनिवार. वर्षाची चटणी. मिरची ३ किलो: ब्याडगी २ रंगाला, संकेश्वरी १ तिखटाला. गच्चीवर चार दिवस वाळवली, देठं आक्का (नातेसूची, ओळ ७) आणि धाकटीने काढली, संध्याकाळपर्यंत दोघींचे हात भगभगत होते. कांदा उभा चिरून आधी उन्हात, मग तेलात. खोबरं भाजलं तेव्हा शेजारची खिडकी लागल्याचा आवाज आला. डंकावर पुढे सहा नंबर. आक्का म्हणाली, कुटताना ठसका लागला पाहिजे, नाही लागला तर मिरची जुनी. भरणीत मधे मधे हिंगाचे खडे टाकले.’

यात भावना सांगणारा एकही शब्द नाही, तरी माणसं दिसतात. मिरचीचा दर आणि कुटणावळही टाका. आज ते फालतू वाटतं, पण नातवंडं सगळ्यांत आधी दरच वाचतात.

तेव्हा नोंदीत या गोष्टी शोधा: कोण होतं, कुठे, किती वाजता, किती पैसे, काय खाल्लं, कशाने गेलात, कुणी नेमकं काय म्हटलं. ‘नेमकं’ म्हणजे त्याच बोलीत. घरातली बाई ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणत असेल तर तसंच लिहा. ते ‘मी आले’ करून शुद्ध केलंत तर तिचा आवाज गेला. ‘काय करालाईस’ला ‘काय करतोयस’ करू नका.

पाककृती लिहिताना मापांचा घोळ होतो. आजी ‘एक चिपटं’ म्हणते. कोष्टकात चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं अर्धा शेर, आणि चार शेरांची पायली. पण शेर गावागणिक बदलायचा, आणि घरातलं चिपटं पिढ्यान् पिढ्या ठोकलेलं, पोचलेलं असतं. म्हणून कोष्टक बघून बदल करू नका. तेच भांडं काठोकाठ पाण्याने भरा, ते पाणी मोजपात्रात ओता आणि वहीत लिहा: ‘आपलं चिपटं = इतके मिलिलिटर.’ मग त्याच भांड्याने तांदूळ, गहू, तूरडाळ मोजून वजनकाट्यावर ग्रॅम काढा. वाटी, ओंजळ, चिमूट यांचंही असंच. एका दुपारचं काम आहे.

नकाशा काढताना चित्रकला येत नाही म्हणून अडू नका. चौकोन काढा: सोपा, माजघर, चूल, न्हाणी, माडीचा जिना, परडं. दार कुठे, देव्हारा कुणीकडे तोंड करून, म्हस कुठे बांधायची. कोण कुठे झोपायचं हे लिहिलं की घरातला मान आणि गर्दी दोन्ही आपोआप कळतात. गल्लीच्या नकाशात पिठाची गिरणी, तालीम, पाण्याचा नळ, उधारीचं दुकान. घर पाडून अपार्टमेंट झालं असेल तर हा नकाशा पहिल्याच आठवड्यात काढा.

जुन्या गोष्टींना तारीख कशी लावायची

‘तेव्हा मी लहान होते’ याने काही कळत नाही. थोरल्या माणसांना सन आठवत नाही, पण खूण आठवते, म्हणून ठरलेल्या खुणा हाताशी ठेवा. १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीहत्या आणि त्यानंतरचं जळीत. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. १ मे १९६० महाराष्ट्र. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट म्हणजे कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी, मग २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. विचारायचं असं: ‘भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? थोरला पोटात होता की पाळण्यात?’ दोन खुणांमध्ये गोष्ट अडकली की ‘१९६० ते १९६७ च्या दरम्यान’ असं लिहा. ओढूनताणून एक साल ठोकू नका.

जुन्या कागदावर शालिवाहन शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. शके १८४५ चा श्रावण म्हणजे १९२३. दर आणि रक्कम आण्यांत सांगितली असेल तर आण्यांतच लिहा. आजच्या भावात किती होतील ते गणित वाचणारा करील. आणि तुमच्या स्वतःच्या नोंदींत महिना अक्षरात लिहा. ५/८ हे काहींना पाच ऑगस्ट वाटतं, काहींना आठ मे.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायला समासात खूण करा: स्वतः पाहिलेल्याला ‘पा’, ऐकलेल्याला ‘ऐ’ आणि कुणाकडून ते. ‘आजोबा खासबागेत कुस्ती जिंकले’ हे तुम्ही पाहिलंत की तात्यांनी सांगितलं, एवढ्याने वहीचा भाव बदलतो.

बसायचं कधी

रोज लिहायचा पण करू नका, मोडतो. आठवड्यातले दोन वार आणि वेळ ठरवा, एका बैठकीला एक पान, वीस मिनिटं. पान अर्धं राहिलं तरी उठायचं. सुचत नसेल तर घरातली एक वस्तू समोर घ्या, पितळी डबा, जुनं रेशनकार्ड, कापशी चप्पल, काहीही. ती कुठून आली, कुणी वापरली, काय किंमत पडली. पहिल्या महिन्यात जन्मापासून सुरुवात करून सरळ पुढे जायचा नाद बहुतेकांना असतो आणि बहुतेक चौथीच्या वर्गात अडकतात. जे आठवेल ते लिहा. क्रम लावायला सुची आहे.

थोरल्यांना बोलतं करताना

हे वहीच्याही आधी करा, कारण वही थांबते, माणूस थांबत नाही.

मोबाइलवर रेकॉर्डर लावा, फ्लाइट मोड टाका, पंखा बंद. मोबाइल त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खाली घडी घातलेला टॉवेल. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशी ठेवल्याचाही दणका येतो. सुरुवातीला तुम्हीच बोला: तारीख, ठिकाण, समोर कोण. एका वेळी तीस-चाळीस मिनिटं पुरेत. जेवणानंतरची वेळ टाळा, चहानंतरची चांगली.

‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की उत्तर येतं, ‘काय सांगायचं, गेलं आयुष्य.’ लहान प्रश्न विचारा. सकाळी घरात पहिलं कोण उठायचं? चूल कशावर पेटवायचात? रंकाळ्यावर कधी जायचात, कुणाबरोबर? गुऱ्हाळावर गेलात तर काय घेऊन यायचात? गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला वडील न्यायचे का? जोतिबाच्या यात्रेला बैलगाडीने किती वेळ लागायचा, मुक्काम कुठे? उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाच-दहा सेकंद गप्प बसा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्यानंतर येते. चूक सांगितली तरी मधे दुरुस्त करायचं नाही, डावं पान त्यासाठीच आहे. आणि रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा, लपवून करू नका.

सगळं शब्दशः उतरवायला तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात. त्यात पडाल तर काम बंद होईल. फक्त मिनिटांची यादी करा: ‘ध्वनिमुद्रण ३, मिनिट १२: विहिरीचं पाणी, मिनिट १९: थोरल्या काकांचं घर सोडणं.’ ही यादी डाव्या पानावर.

घरात मोडीतले कागद असतील तर मोडी जाणणारी माणसं कोल्हापुरात अजून आहेत. वाचून घेताना तेही रेकॉर्ड करा.

काय लिहायचं नाही

एटीएमचा पिन, पासवर्ड, लॉकरची खूण या वहीत नको. वही दहा हातांतून जाणार आहे. कागदपत्रं कुठे आहेत (सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, विम्याच्या पॉलिसी, पेन्शनचे कागद) याची वेगळी यादी करून ती एका विश्वासू माणसाला द्या.

‘परड्याकडची जागा धाकट्याला’ असलं वाक्य वहीत घालू नका. ही वही मृत्युपत्र नव्हे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे साध्या मृत्युपत्राला करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तसं नसलेलं वहीतलं वाक्य हक्क देत नाही, भांडण मात्र नक्की लावतं. वाटणीचं जे असेल ते वकिलाकडे.

भावकीतली भांडणं लिहावीत का? लिहावीत, पण घडलं ते लिहा, माणसाचा निकाल लावू नका. ‘१९८४ च्या दिवाळीपासून दोन घरांचं बोलणं बंद झालं, कारण विहिरीचं पाणी’ हे चालतं. ‘ते घराणंच तसलं’ हे वाचणाऱ्या पोराला उगाच वैर देऊन जातं. दुसऱ्याचं आजारपण, कर्ज, मोडलेलं लग्न लिहायचं तर तो माणूस हयात असताना वही कुणी वाचणार आहे का, याचा विचार करा. फारच नाजूक असेल तर वेगळ्या कागदावर लिहून लिफाफ्यात घाला, वर ‘अमुक वर्षाआधी उघडू नये’ असं लिहा, आणि वहीत त्या लिफाफ्याची नुसती नोंद ठेवा.

फोटो आणि चिकटवाचिकटवी

सेलोटेप नको: काही वर्षांत पिवळा पडतो, टेप निघून येतो आणि डाग कायमचा राहतो. घरची खळ झुरळांना आणि कसरीला आवडते. फोटो चिकटवायचे नाहीत, कोपऱ्यात खोचायचे. कागदाची त्रिकोणी टोपी करून ती वहीला चिकटवा आणि फोटो तिच्यात सरकवा. वहीत फार फोटो भरलेत तर पाठ फुटते, तेव्हा पंधरा-वीस पुरे, बाकीचे कागदी पाकिटात, पाकिटावर पानाचा आकडा.

जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, २बी असेल तर बरं, हलक्या हाताने नावं लिहा. डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या चेहऱ्यावर वण उठतो. नव्या गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उठत नाही, त्याची नावं पाकिटावर. जुने कागद लॅमिनेट करून आणायचा मोह आवरा, ते परत सुटत नाही. बँकेची, दुकानाची गुळगुळीत पावती दोन-चार वर्षांत कोरी होते. ठेवायची असेल तर झेरॉक्स काढून तीच लावा.

पावसाळा, वाळवी आणि पूर

जून ते सप्टेंबर वहीचे शत्रू घरातच असतात. लोखंडी पेटी किंवा कपाटाचा वरचा कप्पा, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. वही मांजरपाटात गुंडाळा. कापड आधी धुऊन खळ काढलेलं, पांढरं. पोथीसारखं लाल कापड शोभतं खरं, पण ओल आली की रंग सुटतो आणि कडांना गुलाबी झालर लागते. प्लॅस्टिकच्या मऊ कव्हरला शाई चिकटते. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, रंग बदलला की तापवून कोरड्या करा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला. अर्धवट ओला पाला घातला तर बुरशी आपणच आणली. डांबरगोळ्या कापडात बांधून पेटीच्या कोपऱ्यात, फोटोंना लागून नकोत. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली की वही सावलीत उघडून पानं चाळा. उन्हात नको.

नदीकाठच्यांना वेगळं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, दुधाळी, कुंभार गल्ली, चिखली, आंबेवाडी असल्या ठिकाणी राहत असाल तर नियम करा: ३९ ला पेटी वरच्या मजल्यावर, ४३ ला वही दोन झिप पिशव्यांत घालून घर सोडताना न्यायच्या पिशवीत. मागे ठेवून जायची नाही.

वही भिजलीच तर पानं ओढून वेगळी करू नका, ओला कागद फाटतो. चिखल असेल तर वही मिटलेली धरून स्वच्छ पाण्यात हलकेच विसळा. मग टॉवेलवर निथळू द्या आणि दर आठ-दहा पानांनंतर कोरा टिपकागद किंवा किचन टॉवेल घाला; छापील रद्दी नको, तिची शाई उठते. कागद दर दोन-तीन तासांनी बदला, पंख्याचा वारा द्या. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर यांपैकी काही नाही. ओल्या कागदावर बुरशी दोन दिवसांत धरते, म्हणून हाताखाली दहा वह्या असतील आणि वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे आठवडाभर काही होत नाही, सवडीने एकेक काढून वाळवता येते.

प्रती

एकच वही म्हणजे एकाच पुराचं काम. दर दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या कॉलेजच्या पोरांना बसवून स्कॅन करा: मजकूर ३०० डीपीआय, फोटो ६००. मोबाइलवरच्या स्कॅन ॲपने केलं तरी चालेल, फक्त खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. पीडीएफ करा आणि फाइलचं नाव इंग्रजी आकड्यांत वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते. तीन प्रती, त्यांतली एक गावाबाहेर. मुलगी पुण्यात असेल तर तिच्याकडे. एक झेरॉक्स संचही काढा. लेझर किंवा झेरॉक्सचा छाप पाण्याने पसरत नाही, इंकजेटचा बऱ्याचदा पसरतो. पेनड्राइव्ह कपाटात टाकून विसरलात तर त्यातलं कधीतरी उडतं. वर्षातून एकदा उघडून बघा, चार-पाच वर्षांनी नवा घ्या.

टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच. जुन्या श्रीलिपी, कृतिदेव फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात. आणि व्हॉट्सॲपवरचे आजीचे आवाज आजच बाहेर काढून ठेवा, मोबाइल बदलला की ते जाऊ शकतात.

गूगलवर साठवत असाल तर खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. ३ ते १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही निवडलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा जणांना, ते कळवतं आणि ठरवलेली माहिती देतं. दोन वर्षं पडून राहिलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं, आतल्या फाइलींसकट.

कुणाकडे द्यायची

मूळ वही एकाकडे, प्रती सगळ्यांकडे. मूळ कुणाकडे हे तुम्हीच ठरवा आणि पान १ वर लिहून सही करा. थोरल्या मुलाकडेच जायला हवी असं काही नाही, जी लेक किंवा जो पुतण्या पेटी दसऱ्याला उघडेल त्याच्याकडे जावी. पेटी कुठे, किल्ली कुठे, हे निदान दोघांना आत्ताच सांगा, आणि त्यांतला एक तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी तरी लहान असू दे. वर्षातून एकदा, पाडव्याला किंवा श्रावणात माहेरवाशिणी जमतात तेव्हा, एखादं पान मोठ्याने वाचा आणि डाव्या पानासाठी पेन समोर ठेवा.

शेवटच्या दोन पानांवर काही लिहू नका. ती पुढच्या माणसासाठी: वही हाती आल्याची तारीख, नाव, आणि त्याला काय समजलं नाही त्याची यादी. तुम्ही हयात असतानाच ती यादी एकदा करून घेतलीत, तर उत्तरं देता येतील.